फसली 1358

भारतीय राज्यघटनेचं नववं परिशिष्ट सहसा वकील आणि महसुली खात्यातली माणसंच उघडतात. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं ते जोडलं गेलं, तेव्हा त्यात तेरा कायदे होते. जमीनदारी, खोती, तालुकदारी मोडणाऱ्या या कायद्यांना न्यायालयात मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येऊ नये, म्हणून ही सोय. पहिले अकरा कायदे मुंबई, मद्रास, बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश या राज्यांचे आहेत आणि त्यांच्यापुढे आपल्या ओळखीची इंग्रजी सालं आहेत. बारावा आणि तेरावा हैदराबादचे. बाराव्याचं नाव ‘हैदराबाद जहागीर निर्मूलन विनियम’, क्रमांक 69, साल 1358 फसली. निजामी दप्तराचं साल घटनेत आलं ते असं. या विनियमाला कोणत्याही विधिमंडळानं मंजुरी दिलेली नव्हती. त्याखाली सही होती एका मेजर जनरलची.

फसली 1358 म्हणजे ढोबळमानानं ऑक्टोबर 1948 ते ऑक्टोबर 1949. हे वर्ष मराठवाड्यातल्या गावांतून पाहायचं, तर नायगावपासून सुरुवात करू. ते तेव्हा तालुक्याचं ठिकाण नव्हतं. ते नांदेड जिल्ह्याच्या बिलोली तालुक्यातलं, नांदेडहून नरसी-देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव होतं. त्यामुळे त्या वर्षांत नायगावकडच्या माणसांचं काय झालं हे शोधायचं, तर ‘बिलोली’ आणि ‘नांदेड’ या नावांखाली शोधावं लागतं. लातूरचं त्याहून अवघड. आजचा लातूर जिल्हा 1982 चा. 1948 साली लातूर आणि औसा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, तर उदगीर, अहमदपूर, निलंगा हे बीदर जिल्ह्यात. जुन्या अहवालात ‘बीदर’ वाचून आपण कर्नाटकातली गोष्ट म्हणून पान उलटतो आणि उदगीर हातचं जातं. नांदेडचंही तसंच आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मुधोळ तालुका आणि देगलूरचा काही भाग पलीकडे गेला, आणि एका जिल्ह्याचं दप्तर दोन राज्यांत विभागलं.

सप्टेंबर 1948 ते डिसेंबर 1949 या पंधरा महिन्यांना लष्करी हुकूमशाही म्हणावं का? मराठवाड्यात हा प्रश्न अनेकांना खटकेल, आणि त्याला कारण आहे. 17 सप्टेंबर हा आमचा मुक्तीचा दिवस. पण कागद काय सांगतात ते आधी पाहू. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, हीच ‘पोलीस ॲक्शन’. 17 तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर केलं. 18 तारखेला निजामाचे सेनापती एल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्यापुढे शरणागती पत्करली आणि चौधुरी लष्करी गव्हर्नर झाले. 19 तारखेच्या फर्मानानं निजामानं राज्यकारभाराचा सगळा अधिकार त्यांच्याकडे दिला. मदतीला दत्तात्रय बखले यांच्यासारखे मुलकी अधिकारी होते, पण कायदा करणारा आणि तो राबवणारा माणूस एकच, आणि तो गणवेशातला. विधिमंडळ नव्हतं. पहिली निवडणूक व्हायला 1952 उजाडलं. हा लष्करी गव्हर्नर दिल्लीच्या लोकनियुक्त सरकारला जबाबदार होता, आणि त्याला बंड करून सत्ता मिळाली नव्हती, हा फरक मोठा आहे आणि तो विसरू नये. तरी लष्करी राजवट हा शब्द इथे शिवी म्हणून वापरायची गरज नाही. तो पदनामातच आहे.

या राजवटीनं जी मोडून काढली तीही बंदुकीच्याच जोरावर चालणारी होती. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस. 1946 पासून संघटना त्याच्या हाती आली आणि रझाकारांची फौज उभी राहिली. 1947 च्या अखेरीला मीर लायक अली पंतप्रधान झाले, त्यानंतर सरकार कुठे संपतं आणि रझाकार कुठे सुरू होतात हे गावातल्या माणसाला सांगता येत नव्हतं. नायगावच्या आसपासचा नकाशा डोळ्यासमोर आणला तर तो काळ उभा राहतो. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरजवळ ऑक्टोबर 1946 मध्ये गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. उत्तरेला, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरच्या उमरीच्या बँकेवर 30 जानेवारी 1948 ला मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांनी धाड घातली. हद्दीपलीकडे वऱ्हाडात उमरखेडला त्यांचा कँप होता. एका दिवसाच्या वाटेत एक हुतात्मा, एक लुटलेली बँक आणि एक सशस्त्र छावणी. मधल्या गावांनी तो काळ कसा काढला असेल याचा अंदाज त्यावरून येतो.

नांदेड जिल्ह्यातला आणखी एक माणूस आहे, ज्याचं नाव मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत क्वचित ऐकू येतं. फरीद मिर्झा. निजामाच्या नोकरीतला तहसीलदार. रझाकारांचे अत्याचार पाहून त्यानं राजीनामा दिला. ऑगस्ट 1948 मध्ये संस्थानातल्या सात मुसलमान गृहस्थांनी रझाकारांविरुद्ध एक जाहीर निवेदन काढलं, त्यातल्या सह्यांत त्याची सही आहे. याच महिन्याच्या 22 तारखेला ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. अशी सही करण्याची किंमत काय असू शकत होती हे त्यावरून कळतं. मिर्झांनी पुढे 1976 साली पोलीस ॲक्शनच्या आधीचे आणि नंतरचे दिवस एका छोट्या पुस्तकात लिहून ठेवले. दोन्ही बाजूंचा अन्याय एकाच माणसानं, एकाच शाईनं लिहिलेला मला हा एकच कागद माहीत आहे, म्हणून तो मी इतरांच्या वर ठेवतो.

इतर कागदांना बाजू आहे. भारत सरकारची 1948 ची हैदराबादवरची श्वेतपत्रिका आरोपपत्रासारखी लिहिलेली आहे, आणि तिचं कामच ते होतं. त्यातले रझाकारी हल्ले खरे आहेत, निवड मात्र कारवाईचं समर्थन करण्यासाठी केलेली आहे. मीर लायक अलींचं 1962 चं पुस्तक हरलेल्या पंतप्रधानाचं आहे. कन्हैयालाल मुन्शींचं 1957 चं जिंकलेल्या बाजूच्या प्रतिनिधीचं. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी चळवळीच्या आतून लिहिल्या आहेत. व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणावरच्या ग्रंथात कारवाईतल्या मृतांचा आकडा आठशेच्या थोडा वर दिला आहे. हा आकडा लष्करी मोहिमेचा आहे. मोहीम पाच दिवस चालली, माणसं त्यानंतर आठवडेच्या आठवडे मरत होती. त्या आठवड्यांसाठी दुसराच कागद लागतो.

तो कागद पंडित सुंदरलाल समितीचा. नेहरूंच्या सांगण्यावरून ही मंडळी हैदराबादला गेली. सुंदरलाल म्हणजे ‘भारत में अंग्रेजी राज’ या ग्रंथाचे लेखक. त्यांच्याबरोबर काझी अब्दुल गफ्फार होते, ज्यांनी हैदराबादेत ‘पयाम’ हे उर्दू दैनिक काढलं होतं, आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. 29 नोव्हेंबरला पोचले, 21 डिसेंबर 1948 ला परतले. सोळापैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले, त्यांत सात जिल्ह्याची ठिकाणं, एकवीस गावं-शहरं आणि तेवीस खेडी. शिवाय जिथे जाता आलं नाही अशा 109 गावांतल्या पाचशेहून अधिक माणसांशी ते बोलले. तीन आठवड्यांत एवढं काम झालं, म्हणजे प्रत्येक ठिकाणी काही तासच मिळाले असणार. म्हणून या अहवालातले आकडे मोजणीचे नाहीत, अंदाजाचे आहेत, आणि तो तसं स्पष्ट म्हणतो. कारवाईच्या वेळी आणि नंतर अगदी कमी धरली तरी 27 हजार, जास्तीत जास्त 40 हजार माणसं मेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे त्यांनी वेगळे काढले आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारांत मिळून मृत अठरा हजारांहून कमी नसावेत. 1948 च्या हद्दी लक्षात घेतल्या, तर आजचे नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे या चारांपैकी तिघांत विभागलेले दिसतात.

लातूरविषयी अहवाल थांबून बोलतो. रझवीचं गाव म्हणून सूडाला इथे वेगळी धार होती. लातूर ही मोठी बाजारपेठ, आणि तिथे पैसेवाले कच्छी मुसलमान व्यापारी होते. कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. गावात मुसलमान दहा हजारांच्या आसपास होते, समिती पोचली तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजाराहून जास्त मारले गेले, बाकीचे अंगावरच्या कपड्यानिशी पळाले.

या मजकुरातला आर्थिक भाग सहज नजरेतून सुटतो. लातूर निजामाच्या मोठ्या रेल्वेवर नव्हतं. मिरज-कुर्डुवाडीहून येणारी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी तिथे संपायची, आणि त्यामुळेच सभोवारच्या तालुक्यांचा माल या पेठेत उतरायचा. अशा पेठेत व्यापारी म्हणजे नुसता खरेदीदार नसतो. पेरणीला उचल तोच देतो, माल तोच साठवतो, हुंडी तोच वटवतो, लग्नाकार्याला रोकड त्याच्याकडूनच येते. सात हजार माणसं एका पेठेतून तीन महिन्यांत नाहीशी झाली, तर त्यांच्या वह्यांतलं येणं-देणंही त्यांच्याबरोबर गेलं. ज्यांचं येणं होतं ते बुडाले. ज्यांचं देणं होतं त्यांचं कर्ज आपोआप फिटलं. कोणाला कर्जमुक्ती हवी होती हा प्रश्न दंगलींच्या इतिहासात विचारला पाहिजे, आणि सुंदरलाल समितीनं मालमत्तेच्या लुटीबद्दल, बळकावलेल्या घरा-शेतांबद्दल वारंवार लिहिलं आहे त्यावरून तो तेव्हाही विचारला जात होता असं दिसतं. धर्माचा सूड आणि वहीचा हिशेब एकाच रात्री मिटवता येतो.

अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत, आणि ज्याला त्याला त्यातली एकच उद्धृत करायला आवडते. पहिली अशी की काही ठिकाणी लष्करातल्या आणि पोलिसांतल्या माणसांनी लुटीला चिथावणी दिली, काही ठिकाणी स्वतः भाग घेतला. सोलापूर आणि इतर शहरांतून आलेल्या हत्यारबंद टोळ्यांचाही उल्लेख आहे. मात्र चौधुरींबद्दल व्यक्तिशः समितीनं चांगलंच लिहिलं. दुसरी गोष्ट अशी की अनेक ठिकाणी हिंदूंनी शेजाऱ्यांना वाचवलं, आणि समव्यवसायी माणसांत हे अधिक दिसलं. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना पाठीशी घातलं, त्यात काहींचा स्वतःचा जीव गेला. एका मागाशेजारी दुसरा माग चालतो तिथे उधारीची वही मधे नसते. लातूरच्या पेठेत आणि विणकरांच्या आळीत जे वेगवेगळं घडलं, त्यामागे हा फरक असावा असं माझं मत आहे.

वल्लभभाई पटेलांना हा अहवाल पसंत पडला नाही. ही समिती सरकारनं नेमलेली नव्हतीच, आणि रझाकारांच्या कृत्यांकडे तिनं पुरेसं पाहिलं नाही, हा त्यांचा आक्षेप. दुसऱ्या भागात थोडं तथ्य आहे. समिती कारवाईनंतरचं पाहायला गेली होती आणि तिनं मुख्यतः तेच पाहिलं. अहवाल छापला गेला नाही. त्याचे तुकडे पुढे अभ्यासकांच्या पुस्तकांतून येत राहिले, आणि दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो वाचकांना खुला झाल्याची बातमी 2013 मध्ये आली. पासष्ट वर्षं तो नव्हता, त्या काळात मराठवाड्यात दोन समांतर आठवणी वाढल्या. एका घरात ‘रझाकारी’ हा काळ मोजायचा शब्द झाला, शेजारच्या घरात ‘पोलीस ॲक्शन’. दोन्ही घरं एकाच वर्षाबद्दल बोलत असतात.

आता पैशाचा कागद. इथे चित्र एकदम स्वच्छ होतं. 25 जानेवारी 1950 ला, म्हणजे राज्यघटना लागू होण्याच्या आदल्या दिवशी, निजामाशी करार झाला. तनखा वर्षाला 42 लाख 85 हजार 714 रुपये. शिवाय सर्फेखास या खासगी मुलुखाच्या उत्पन्नापोटी 25 लाख आणि राजवाड्यांच्या देखभालीसाठी 25 लाख. पहिला आकडा असा विचित्र का, याचं उत्तर हिशेबात आहे. संस्थानचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार यांचा भाव 100 कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, म्हणजे बरोबर सात हालींना सहा कलदार. 50 लाखांना सातानं भागून सहानं गुणा, 42,85,714 येतात. तनखा मुळात 50 लाख हाली ठरला होता आणि शेवटच्या रुपयापर्यंत कलदारात बदलून दिला गेला. सर्फेखासचा मुलूख त्याआधी, फेब्रुवारी 1949 मध्ये, दिवाणी मुलखात विलीन करून घेतला होता. निजाम स्वतः 1956 पर्यंत राजप्रमुख राहिले.

त्याच 25 जानेवारीला जहागिरदारांच्या भरपाईचा विनियम निघाला, तो नवव्या परिशिष्टातला तेरावा कायदा. उद्यापासून मूलभूत हक्क लागू होणार, मालमत्तेचा हक्कही त्यात, तेव्हा कागद आजच पुरे करायचे, अशी ती घाई वाचताना जाणवते. जहागीर निर्मूलनाच्या मूळ विनियमाची गोष्टही अशीच आहे. 15 ऑगस्ट 1949 ला चौधुरींनी तो काढला. त्याच्या आठच दिवस आधी, 7 ऑगस्टला, निजामाचं एक फर्मान निघालं: 19 सप्टेंबर 1948 ला लष्करी गव्हर्नरला दिलेल्या अधिकारात कायदे करण्याचा अधिकार पहिल्यापासूनच समाविष्ट होता असं समजावं. अकरा महिने एक सेनापती विनियम काढत होता, आणि त्याला ते काढता येतात का हे अकरा महिन्यांनी मागल्या तारखेपासून ठरवलं गेलं. कुणीतरी दक्ष कायदेपंडितानं पुढचा धोका ओळखला असणार. जहागिरदारांनी नेमका हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. 1960 साली ते हरले.

हरले हे बरं झालं. संस्थानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जहागिरींखाली होता, तिथे सारा, वेठ आणि न्याय या तिन्हींचा मालक एकच असे. कोणत्याही लोकनियुक्त सभेनं एवढ्या झटपट ही व्यवस्था मोडली असती असं मला वाटत नाही. जहागिरदार सभेतच बसले असते. लष्करी राजवटीचं हे खरोखरचं देणं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते देणं वरच्या बाजूला ज्या नेमकेपणानं दिलं गेलं, तसं खालच्या बाजूला पोचलं नाही.

खाली काय झालं ते अली मोहम्मद खुस्रो यांनी उस्मानिया विद्यापीठातून केलेल्या पाहणीत आहे. 1958 मध्ये ती छापली गेली. जून 1950 च्या हैदराबाद कूळकायद्यानं ‘संरक्षित कूळ’ हा वर्ग तयार केला होता. माजी जहागिरी गावांतल्या नमुन्यात खुस्रोंना असं आढळलं: 1951 मध्ये जे संरक्षित कूळ ठरले, त्यांतल्या दर शंभरांपैकी चार वर्षांनी जमीन कसत राहिलेले 45 च्या आसपास. जमिनीचे मालक झालेले 12. कायद्यानं काढून टाकलेले दोन-तीन. बेकायदा हाकललेले 22. आणि ‘स्वखुशीनं’ जमीन सोडलेले 17-18. स्वखुशी कशी असते हे मराठवाड्यातल्या कोणत्याही तलाठ्याला विचारावं. कूळ अंगठा उठवतं, मालक राजीनामा लिहून घेतो, दोन पंच सह्या करतात. बेकायदा आणि स्वखुशी मिळून दर शंभरांतले चाळीस. चौधुरींच्या पंधरा महिन्यांचा दोष हा नाही, हे त्यांच्या नंतरचं आहे. पण संरक्षण कागदावर द्यायचं आणि गावातला तोल जसा होता तसाच ठेवायचा, ही पद्धत तिथूनच पडली.

1948 च्या शेवटच्या तीन महिन्यांत गावातला हा तोल आणखी एका दिशेनं सरकला होता. जहागिरदार जाण्याआधीच त्याचे नोकर गेले होते. संस्थानी फौज विसर्जित झाली. पोलिसांत, महसुलात, करोडगिरीत जे मुसलमान कारकून-शिपाई होते, त्यांतले हजारो नोकरीला मुकले. कारभाराची उर्दू गेली, तिच्याबरोबर उर्दूत लिहिणारांची रोजीही गेली. बडा जहागिरदार भरपाईचे हप्ते घेत हैदराबादेत राहू शकत होता. त्याच्या गढीवरचा जमादार, त्याचा मुनीम, मशिदीचा खिदमतमाश इनाम कसणारा मुजावर यांना कोणत्याच विनियमात हप्ता नव्हता. मराठवाड्यातली मुसलमान गरिबी ‘मागासलेली’ म्हणून वर्णन केली जाते तेव्हा मला हे वर्ष आठवतं. ती बरीचशी 1948-49 ची आहे.

दलितांचंही वेगळं काही सांगायला हवं. नोव्हेंबर 1947 मध्येच बाबासाहेब आंबेडकरांनी हैदराबादेतल्या अनुसूचित जातींना जाहीरपणे बजावलं होतं: निजामाच्या बाजूला जाऊ नका, धर्मांतराच्या दबावाला बळी पडू नका. तरी रझाकारांशी संगनमताच्या संशयावरून महारवाडे होरपळले. जमीनवाटपात त्यांच्या वाट्याला मुळात कूळ म्हणून नोंदच क्वचित होती, कारण ते कसत होते ती बहुधा गायरानं. म्हणून 1953 मध्ये दादासाहेब गायकवाडांना मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह करावा लागला. जहागिरी जाऊन चार वर्षं झाली होती.

मेलेल्यांच्या आणि परागंदा झालेल्यांच्या मोजणीची एक संधी मात्र होती. 1951 ची जनगणना. तिच्यात विस्थापितांसाठी खास प्रश्न होता, पण विस्थापित कोण, तर पश्चिम पाकिस्तानातून 1 मार्च 1947 नंतर किंवा पूर्व पाकिस्तानातून 15 ऑक्टोबर 1946 नंतर आलेला. लातूरहून हैदराबादच्या मोहल्ल्यात जाऊन राहिलेलं कुटुंब या व्याख्येत बसत नाही. रझाकारीत गाव सोडून सोलापूरला किंवा उमरखेडला गेलेलं आणि मागे न फिरलेलं हिंदू कुटुंबही नाही. जनगणनेच्या लेखी दोघांनीही कधी घर सोडलं नाही.

कासिम रझवीला लुटीच्या आणि हल्ल्याच्या खटल्यात सात वर्षांची शिक्षा झाली. सप्टेंबर 1957 मध्ये येरवड्यातून सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला आणि 1970 मध्ये कराचीत वारला. लायक अली त्याआधीच, 1950 च्या मार्चमध्ये, नजरकैदेतून निसटून गेले होते. चौधुरी 1962 मध्ये भारताचे लष्करप्रमुख झाले. डिसेंबर 1949 मध्ये हैदराबादचा कारभार त्यांच्याकडून वेल्लोडी या सनदी अधिकाऱ्याकडे गेला. 1952 च्या मार्चमध्ये बुर्गुल रामकृष्णराव निवडून आलेले मुख्यमंत्री झाले.

नांदेडला 1950 मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनं पीपल्स कॉलेज सुरू झालं. त्याच वर्षी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय. त्यापूर्वी साऱ्या मराठवाड्यात औरंगाबादचं एक इंटरमीजिएट कॉलेज होतं, तेही उर्दू माध्यमाचं. बिलोलीच्या शेतकऱ्याच्या पोराला मराठी बोलत पदवी मिळवायची शक्यता 1948 आधी जवळजवळ नव्हती. नरहर कुरुंदकरांनी पीपल्समध्ये शिकवताना हैदराबादच्या विमोचनावर जे लिहिलं त्यात निजामी राज्याची चिकित्सा निर्दय आहे. मुक्तीचा अर्थ या पिढीला कॉलेजच्या फाटकातून आत जाताना कळला होता, आणि तो खोटा नव्हता.

सध्या निजामकाळचं दप्तर मराठवाड्यात पुन्हा बाहेर निघालं आहे, पण वेगळ्या कामासाठी. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला तहसीलांतले आणि हैदराबादचे कागद चाळले, आणि 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानं हैदराबाद गॅझेटियरला त्या कामात स्थान मिळालं. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना बऱ्याच वर्षांनी मागणी आली. ज्या रेकॉर्ड रूममध्ये जातीची नोंद असते तिथेच, बहुधा शेजारच्या गाठोड्यात, 1951 च्या सुमारास केलेली संरक्षित कुळांची यादी आणि 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक असतं. खासरा पत्रक आजही रोज लागतं: वारसाहक्काला, इनामाच्या भांडणाला, अतियातच्या दाव्याला. हे दोन कागद गाव-गाव समोरासमोर ठेवता येतात. पहिल्यात असलेलं आणि दुसऱ्यात नसलेलं प्रत्येक नाव हे खुस्रोंच्या टक्केवारीतलं एक माणूस आहे. त्याच्याही मागे जाऊन 1948 च्या आधीचं सेतवार मिळालं, तर त्यात दिसणारी आणि कुळांच्या यादीतही न आलेली नावं सापडतात. ती सुंदरलाल समितीच्या अठरा हजारांतली आहेत, की लातूरच्या सात हजारांसारखी निघून गेलेली, की रझाकारीत गाव सोडलेली, हे प्रत्येक नावापुढे मग वेगळं लिहावं लागतं.